श्रावणाआधी आणि श्रावणानंतर: मटण, दूध-तूप आणि लिपिड प्रोफाइल

मटण सोडले की कोलेस्टेरॉल उतरते, असे घरोघरी धरून चालतात. काहींचे उतरते. काहींचे जिथल्या तिथे राहते, आणि काहींचे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तात फिरणारी चरबी, चक्क चढते. महिनाभर जिभेवर ताबा ठेवून असा रिपोर्ट हाती आला की माणूस हिरमुसतो आणि ‘खाण्याने काही होत नाही’ म्हणून मोकळा होतो. होते. पण ताटातून काय गेले यावर ते जितके ठरते, तितकेच त्या जागी काय आले यावरही ठरते.

हे स्वतःच्या रक्तावर तपासून पाहायची आयती संधी महाराष्ट्रात दरवर्षी येते. आषाढी अमावास्या झाली की पुढचे चार आठवडे असंख्य घरांत मांस-मासे बंद असतात. खाण्यातला बदल एलडीएलमध्ये, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलमध्ये, उमटायलाही साधारण तीन ते चार आठवडेच लागतात. ट्रायग्लिसराइड तर काही दिवसांतच हलू लागते. श्रावण पाळत नसाल तर कोणतेही सलग चार-सहा आठवडे धरा. गोव्यात ईस्टरआधीचा उपवासकाळ त्यासाठी उत्तम.

कोणी हा प्रयोग परस्पर करू नये

एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असेल, ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असेल, हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, तर आधी डॉक्टर, मग पथ्य. ट्रायग्लिसराइड पाचशेच्या पुढे गेले की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. तिथे महिनाभर थांबून पाहणे परवडत नाही. स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी चालू असेल तर ती बंद करू नका आणि या काळात तिचा डोसही डॉक्टरांना न विचारता बदलू नका. एक तर ते धोक्याचे, आणि दुसरे म्हणजे फरक गोळीचा की जेवणाचा हे कळायला मार्ग उरत नाही. गरोदरपणात कोलेस्टेरॉल निसर्गतःच वाढते, तेव्हा ही तुलना निरर्थक ठरते.

कागदावरचे चार आकडे

लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीत, आठ-दहा ओळी छापलेल्या असतात. त्यातल्या चार पाहा.

पहिला एलडीएल. मांस, दूध-तूप आणि खोबऱ्यातली संपृक्त चरबी, म्हणजे पाकिटावर सॅच्युरेटेड फॅट म्हणून छापलेली, प्रामुख्याने हाच आकडा हलवते. यकृताच्या पेशींवर रक्तातले एलडीएल ओढून घेणारे रिसेप्टर असतात. संपृक्त चरबी जास्त झाली की त्यांचे काम मंदावते आणि एलडीएल रक्तात रेंगाळते. खाण्यातल्या कोलेस्टेरॉलचा परिणाम त्यामानाने कमी असतो. म्हणूनच अंड्यापेक्षा लोण्याचा हिशेब आधी करायचा.

दुसरा ट्रायग्लिसराइड. हा मटणापेक्षा साखर, मैदा, भात, साबुदाणा, दारू आणि पोटाचा घेर यांचे जास्त ऐकतो.

तिसरा एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल. आपल्याकडे हा मुळातच कमी असतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीत, ज्यात महाराष्ट्रही होता, ७२ टक्के लोकांचा एचडीएल कमी निघाला होता. तो वाढवण्यासाठी तूप वाढवण्यात अर्थ नाही. तुपाने एचडीएल थोडे वाढले तरी सोबत एलडीएलही वाढते, आणि औषधांनी नुसते एचडीएल वाढवून झटके कमी होत नाहीत हे मोठ्या चाचण्यांत दिसून चुकले आहे.

चौथा नॉन-एचडीएल. अनेक लॅब तो छापतच नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, झाले. आहार बदलून पाहताना हा आकडा एलडीएलपेक्षाही भरवशाचा आहे. का, ते पुढे येते.

कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली त्यात सर्वसाधारण माणसाने एलडीएल १०० च्या आत आणि नॉन-एचडीएल १३० च्या आत ठेवावे असे म्हटले आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब यांमुळे धोका जास्त असलेल्यांसाठी हेच आकडे ७० आणि १००, तर अतिधोक्याच्या गटासाठी ५५ आणि ८५. ही सगळी मापे मिलिग्रॅम प्रति डेसीलिटरची. ब्रिटन, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्यांच्या रिपोर्टवर मिलिमोल असतात, कोलेस्टेरॉलला ३८.७ ने आणि ट्रायग्लिसराइडला ८८.६ ने गुणले की आपले आकडे मिळतात.

ऐपत आणि सोय असेल तर पहिल्या खेपेला अपोबी आणि लायपोप्रोटीन-ए या दोन तपासण्या जोडून घ्या. अपोबीमुळे रक्तवाहिनीत घुसू शकणाऱ्या कणांची थेट मोजणी मिळते. लायपोप्रोटीन-ए आनुवंशिक असते, पथ्याने फारसे हलत नाही, म्हणून ते आयुष्यात एकदा मोजले तरी पुरते. एचबीए१सी चार आठवड्यांच्या प्रयोगात पाहू नका. ते रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते. एचएस-सीआरपी हा शरीरातल्या दाहाचा आकडा सर्दी-पडशानेही उडी मारतो, त्यामुळे मटणाचा दोष त्यावरून काढू नये.

रक्त कधी आणि कसे द्यायचे

सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. गटारीच्या दुसऱ्या दिवशी रक्त दिले तर ट्रायग्लिसराइड दारू आणि जेवणामुळे फुगलेले निघते, आणि श्रावणानंतर काही न करताही ‘सुधारणा’ दिसते. पहिली तपासणी आषाढात, नेहमीसारख्या आठवड्यात करा. गटारीच्या आधी, नंतर नाही. शेवटची श्रावणाच्या अखेरच्या आठवड्यात, पण पोळ्याची पुरणपोळी पोटात जाण्याआधी.

दोन्ही वेळा नियम एकच: रात्री हलके जेवण, मग १० ते १२ तास फक्त पाणी, सकाळी एकाच लॅबमध्ये, पाच-दहा मिनिटे बसून मगच रक्त. चालत येऊन लगेच किंवा एकदा बसून आणि एकदा झोपून दिलेल्या रक्तात कोलेस्टेरॉल थोडे वेगळे येऊ शकते. आधीचे तीन दिवस दारू नाही. गेल्या तीन-चार आठवड्यांत डेंग्यू, मलेरिया, न्यूमोनिया असे काही झाले असेल किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर थांबा. आजारपणात एलडीएल खाली जाते आणि खोटा दिलासा मिळतो.

एक गोष्ट लॅबवाले सहसा सांगत नाहीत. काहीही न बदलता त्याच माणसाचे एलडीएल एका आठवड्यात १२८ आणि पुढच्या आठवड्यात १४० येऊ शकते. एलडीएलचा हा नैसर्गिक चढउतार ७-८ टक्क्यांचा, ट्रायग्लिसराइडचा २० टक्के किंवा त्याहूनही जास्त. पथ्याने होणारा फरकही अनेकदा १० टक्क्यांच्या आसपासच असतो. म्हणून जमल्यास आधी आठवड्याच्या अंतराने दोन नमुने द्या आणि सरासरी काढा, आणि शेवटीही तसेच करा. एकेकाच नमुन्यावर तुलना करत असाल तर १५ टक्क्यांहून कमी फरकाला सुधारणाही म्हणू नका आणि बिघाडही.

रक्त देताना वजन, नाभीपाशी कमरेचा घेर आणि रक्तदाबही वहीत लिहा. महिन्यात तीन किलो वजन उतरले असेल तर आकड्यांतल्या फरकाचे बरेच श्रेय त्याला द्यावे लागते.

आधी आठवड्याची चरबी मोजा

पहिल्या तपासणीच्या आठवड्यात घरात काय शिजते ते मोजून लिहा. २००० कॅलरीच्या आहारात संपृक्त चरबीची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला २२ ग्रॅम, आणि एलडीएल वाढलेले असेल तर १३ ते १५ ग्रॅम. नेहमीच्या पदार्थांतले प्रमाण अंदाजे असे:

- फुल क्रीम किंवा म्हशीचे दूध, २०० मिली: साडेसात ते आठ ग्रॅम
- टोन्ड दूध, २०० मिली: चार ग्रॅमच्या आत
- डबल टोन्ड, २०० मिली: दोन ग्रॅम
- तूप, सपाट चहाचा चमचा, ५ ग्रॅम: तीन ग्रॅम
- लोणी किंवा बटर, १० ग्रॅम: पाच ग्रॅम
- बाजारचे साधे पनीर, ५० ग्रॅम: सात ग्रॅम
- चरबीसकट मटण, हाडाशिवाय १०० ग्रॅम: पाच ते सात ग्रॅम
- चरबी काढलेले मटण, तितकेच: एक ते दोन ग्रॅम
- कातडी काढलेले चिकन, १०० ग्रॅम: एक ते दीड ग्रॅम
- अंडे, एक: दीड ग्रॅमच्या जरा वर
- कोळंबी, १०० ग्रॅम: अर्ध्या ग्रॅमच्या आत
- सुके खोबरे, १० ग्रॅम: साडेपाच ते सहा ग्रॅम
- ओले खोबरे, १० ग्रॅम: तीन ग्रॅम
- शेंगदाणा तेल, ५ ग्रॅम: एक ग्रॅम

आता एका साध्या घराचा हिशेब करून पाहू. रविवारी मटण, एकाच्या वाट्याला हाडे सोडून सव्वाशे ग्रॅम. त्यातून आठ ग्रॅम संपृक्त चरबी. चौघांच्या वाटणात ५० ग्रॅम सुके खोबरे, म्हणजे एकाला साडेबारा ग्रॅम. त्यातून आणखी सात. रविवारची बेरीज १५. त्याच माणसाचे दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात ६० मिली फुल क्रीम दूध. दिवसाला २४० मिली, चौदा ग्रॅम चरबी, त्यातली नऊ संपृक्त. आठवड्याला ६३. रविवारच्या मटणाच्या चौपट चरबी चहातून जाते, आणि बोट मात्र मटणाकडे दाखवले जाते. दुधातली चरबी तुपाइतक्या जोराने एलडीएल चढवत नाही, ते पुढे सांगतोच. तरी त्रेसष्ट हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. वाटणातले खोबरेही पाहा. ते शाकाहारी असले तरी त्याची चरबी बहुतांश संपृक्तच, आणि खोबरेल तेल इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत एलडीएल सरासरी १० मिलिग्रॅमने वाढवते.

श्रावणात ताटात काय येऊ द्यायचे

मटणाच्या जागी काय, हा या प्रयोगाचा गाभा. २००० कॅलरीच्या आहारात संपृक्त चरबी दिवसाला सव्वादोन ग्रॅमने कमी करून त्या कॅलरी करडई, सूर्यफूल, अक्रोड, जवस यांच्या असंपृक्त चरबीतून घेतल्या तर एलडीएल सरासरी २ मिलिग्रॅमने उतरते. त्याच कॅलरी पिठूळ-गोड पदार्थांतून घेतल्या तर एलडीएल त्याहून कमी, सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास उतरते, आणि वर ट्रायग्लिसराइड चढते, एचडीएल घसरते. श्रावणी सोमवार, शनिवार, एकादशी असे उपवास धरणाऱ्यांचे नेमके हेच होते. एका वेळच्या खिचडीला ७५ ग्रॅम कोरडा साबुदाणा घेतला तर त्यात साधारण ६५ ग्रॅम निव्वळ स्टार्च. तंतू जवळजवळ नाहीत, प्रथिनेही नाहीत. त्यावर बटाटा, साजूक तूप, सोबत गोड दही आणि केळी. उपवासाच्या दिवशी राजगिऱ्याची भाकरी, भगर मोजून, शेंगदाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर आणि ताक असे ताट मांडले तर तोच उपवास रक्ताला बराच हलका जातो.

बाकीच्या दिवशी दोन्ही जेवणांत कडधान्य हवे: मटकीची उसळ, वालाचे बिरडे, काळ्या वाटाण्याची आमटी, चवळी, हरभरा. माणशी ४० ते ५० ग्रॅम कोरडे कडधान्य हे एका जेवणाचे माप धरा. रोज मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाणे किंवा अक्रोड-बदाम. भाकरीबरोबर जवसाची किंवा कारळाची चटणी. फोडणीला करडईचे तेल मिळाले तर घ्या. महाराष्ट्राचे हे जुने तेल लिनोलिक आम्लाने भरलेले आहे आणि एलडीएल उतरवण्याच्या कामात तुपाच्या अगदी उलट बाजूला बसते. एकूण तेल माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आसपास. गवार, भेंडी, वांगी, ओट्स, जव यांच्यातले विरघळणारे तंतू आतड्यात पित्ताम्ले धरून ठेवतात; ती भरून काढायला यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल वापरते. रोज दोन चमचे इसबगोल भरपूर पाण्यातून घेतले तरी एलडीएल पाचेक टक्क्यांनी खाली येते. गोळ्या आणि इसबगोल यांच्यात दोन तासांचे अंतर ठेवा.

आणि पनीर. श्रावणातली सर्वांत सामान्य चूक हीच. चिकन सोडून आठवड्यातून तीनदा पनीर बटर मसाला केला तर दर जेवणाला दीड ग्रॅमऐवजी पंधरा-वीस ग्रॅम संपृक्त चरबी पोटात जाते. महिना शाकाहारी, आणि एलडीएल चढलेले.

‘मटण नको, चिकन चालते’ हेही जसेच्या तसे खरे नाही. कॅलिफोर्नियात झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ११३ प्रौढांना आळीपाळीने चार-चार आठवडे लाल मांस, पांढरे मांस आणि वनस्पतींची प्रथिने दिली होती, तीही संपृक्त चरबी सारखी ठेवून. लाल मांस तिथे मुख्यतः गोमांस होते. लाल आणि पांढऱ्या मांसात एलडीएल सारखेच निघाले, वनस्पतींच्या प्रथिनांवर दोन्हींहून कमी. आणि मांस कोणतेही असो, संपृक्त चरबी वाढवली की ते वाढले. चिकनचा फायदा त्यात चरबी कमी असते इतकाच. बटर चिकन केले की तो फायदा संपला.

कागदावर फसगत होते ती इथे

बहुतेक लॅब एलडीएल मोजत नाहीत, गणिताने काढतात: एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग. फ्रीडवाल्ड यांचे हे सूत्र १९७२ चे. आता समजा श्रावणाआधी एकूण कोलेस्टेरॉल २२०, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड १५०. एलडीएल येईल १५०. महिनाभर साबुदाणा, बटाटा, गोडधोड झाले आणि श्रावणानंतर एकूण २२०, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड ३००. सूत्राने एलडीएल १२०. घरात आनंदीआनंद. पण नॉन-एचडीएल काढा: तेव्हा १८०, आताही १८०. रक्तवाहिन्यांना त्रास देणारा एकूण साठा जागचा हललेला नाही. फक्त तो एलडीएलच्या रकान्यातून ट्रायग्लिसराइड वाहणाऱ्या कणांच्या रकान्यात गेला. म्हणून दोन रिपोर्ट शेजारी ठेवाल तेव्हा पहिली नजर नॉन-एचडीएलवर, मग ट्रायग्लिसराइडवर, आणि नंतर एलडीएलवर. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे सूत्र चालतच नाही. ‘डायरेक्ट एलडीएल’ मागून घ्या.

दुधा-तुपाची पाळी वेगळी

मांस आणि दूध एकदम बंद केले तर कशाने काय झाले ते कळत नाही. गौरी-गणपती आटोपले की दुसरा टप्पा धरा: मांसाहार नेहमीसारखा, आणि चार ते सहा आठवडे फक्त दूध-तूप बदला. मग तिसरी तपासणी.

दुधात कोणती पिशवी घेता यावर बहुतेक सगळे ठरते. प्रमाणके अशी: फुल क्रीम ६ टक्के चरबी, स्टँडर्डाइज्ड ४.५, टोन्ड ३, डबल टोन्ड १.५, स्किम्ड अर्ध्या टक्क्याच्या आत. तबेल्यावरचे सुटे म्हशीचे दूध सहा-सात टक्क्यांचे, कधी त्याहून दाट. अनेक घरांत दूध तापवून, थंड करून साय काढतात आणि ‘आम्ही साय काढतो’ म्हणून निर्धास्त राहतात. साय काढल्याने चरबी कमी होते हे खरे, पण किती ते घरी सांगता येत नाही. त्यातून तीच साय साठवून विरजण लावून, घुसळून, कढवून तूप होते आणि वरण-भातावर परत येते. चरबी घरातच फिरली. साय काढायची तर तूप माणशी रोज एक सपाट चमचा, मोजून. नाहीतर सरळ डबल टोन्ड आणा. दोन वर्षांखालच्या मुलांना मात्र पूर्ण चरबीचेच दूध द्यावे.

सगळे दुग्धजन्य पदार्थ एका मापाने मोजू नका. दुधात चरबीचे थेंब एका नाजूक पडद्यात गुंडाळलेले असतात. घुसळताना तो पडदा फुटतो आणि त्याचा मोठा भाग ताकात उतरतो. लोण्यात आणि कढवल्यावर तुपात उरते ती बहुतेक उघडी चरबी. स्वीडनमध्ये २०१५ च्या एका चाचणीत आठ आठवडे रोज ४० ग्रॅम दुधाची चरबी एका गटाला साईसारख्या क्रीममधून आणि दुसऱ्याला बटर ऑइलमधून, म्हणजे जवळजवळ तुपातून, दिली. तुपाच्या गटात एलडीएल वाढले, क्रीमच्या गटात जवळपास वाढले नाही. चीजसुद्धा तेवढ्याच चरबीच्या बटरपेक्षा एलडीएल कमी चढवते. म्हणजे कात्री लावायचीच तर आधी तूप आणि बटरला, मग चहाच्या दुधाला. दही सर्वांत शेवटी, आणि घरचे ताक ठेवावेच. मीठ मात्र ताकातही बेताचे.

श्रीखंड, बासुंदी, पेढे यांचा हिशेब दुधात नाही, साखरेत धरा. आणि वनस्पती तूप घरात असेल तर ते आधी बाहेर काढा. २०२२ पासून खाद्यतेल-तुपात ट्रान्स फॅटची कमाल मर्यादा २ टक्के आहे, तरी त्यातली संपृक्त चरबी कुठे जात नाही. सुटे तळण आणि स्वस्त खारी-नानकटाई यांचाही यात विचार करा.

वजन उतरवण्यासाठी कीटो, म्हणजे पिठूळ-गोड जवळजवळ बंद ठेवणारे पथ्य, धरून तूप, चीज, पनीर, मटण भरपूर खाणाऱ्यांचे ट्रायग्लिसराइड छान उतरते, पण काहींचे एलडीएल दोनशेच्या पलीकडे उसळते. सडपातळ लोकांत हे जास्त दिसते. सहा आठवड्यांनी रक्त तपासल्याशिवाय हे पथ्य पुढे रेटू नये.

मटण परत सुरू करताना

आठवड्यातून एकदा, हाडाशिवाय माणशी १०० ग्रॅम, असे मटण बहुतेकांच्या रक्तात सामावते. मात्र ते कापण्यापासून फोडणीपर्यंत नीट करावे.

मटणवाल्याकडे रान किंवा खांदा मागा आणि वरची पांढरी चरबी, विशेषतः गुर्द्याभोवतीची, काढून द्यायला सांगा. सीना आणि चाप चरबीचे असतात. खिमा तयार घेऊ नका. तुकडा दाखवून समोर करून घ्या, कारण खिम्यात चरबी दिसत नाही. कलेजीत चरबी कमी पण कोलेस्टेरॉल पुष्कळ, आणि भेजा तर १०० ग्रॅमला दोन हजार मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉलचा. भेजा यादीतून काढून टाका, कलेजी कधीतरी थोडी.

मटण हळद, मीठ, आले-लसूण लावून आदल्या दिवशीच कुकरला शिजवा. अळणी पाणी गाळून वेगळ्या उभट भांड्यात काढा आणि कोमट झाले की फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर दोन तासांहून जास्त राहू देऊ नका. सकाळी वर पांढरी, कडक पापडी धरलेली दिसेल. ती चमच्याने उचलून टाका. ही पायरी फोडणीच्या आधीच करायची. मागाहून रश्श्यावर येणाऱ्या लाल तवंगात बरेचसे फोडणीचे तेल असते. ते फ्रिजमध्ये गोठत नाही, आणि तवंग काढायला गेलात तर मसाल्याचा रंग-वास तेवढा जातो, मटणाची चरबी मिसळलेलीच राहते.

वाटणात सुके खोबरे निम्मे करा. उरलेली दाटी भाजलेला कांदा, तीळ, डाळे किंवा खानदेशी पद्धतीने शेंगदाण्याच्या कुटाने आणा. पांढऱ्या रश्श्याचा नारळ मात्र कमी करून चव राहत नाही. तो वर्षातून मोजक्या वेळी करावा आणि मन भरून खावा. ताटात रश्श्याबरोबर भाताच्या डोंगराऐवजी ज्वारी-बाजरीची भाकरी आणि भरपूर कांदा-काकडी.

मासे आठवड्यातून दोनदा तरी हवेत. बांगडा आणि तारली यांतले ओमेगा-३ ट्रायग्लिसराइडला खाली ओढते. कालवण उत्तम, तळायचे तर रवा लावून तव्यावर थोड्या तेलात. कोळंबीला कोलेस्टेरॉलच्या भीतीने वाळीत टाकण्याचे कारण नाही, तिच्यात संपृक्त चरबी नावालाच असते. सुकट, खारा बांगडा, सुके बोंबील, गोव्याचे चोरिस (डुकराच्या मांसाचे सॉसेज) यांचा प्रश्न मिठाचा. रक्तदाब असेल तर धुऊन-भिजवूनही ते क्वचितच. दिवसाला एकूण मीठ ५ ग्रॅम, एक सपाट चहाचा चमचा, त्यात लोणचे-पापडही आले.

मांस-दूध दोन्ही कायमचे सोडणार असाल तर

बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही. दोन्ही सोडल्यावर गोळी घ्यावीच लागते, आणि दूध पिणाऱ्या शाकाहारी घरांतही ते पुष्कळदा कमी निघते. ते घटले की रक्तातले होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल वाढते, हातापायांना मुंग्या येतात, थकवा राहतो. सुरुवातीलाच बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून ठेवा. दुधाऐवजी सोया दूध घेताना बिनसाखरेचे आणि कॅल्शियम घातलेले पाहा. नारळाचे दूध ही बदली नव्हे.

सगळे नीट पाळूनही आकडा हलला नाही तर

आधी वही पुन्हा वाचा: चहाचे दूध, खोबरे, पनीर, बाहेरचे तळण. मग टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी, करून घ्या. थायरॉइड मंदावला की एलडीएल चढते आणि पथ्याला दाद देत नाही. मूत्रपिंडाचे विकार आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही असेच होते. आहाराने एलडीएल १० ते १५ टक्के उतरले तरी ते चांगले काम झाले असे समजा. स्टॅटिनने ३० ते ५० टक्के उतरते, आणि ज्याला एवढी घट हवी आहे त्याने पथ्याच्या हट्टापायी गोळी लांबवू नये. तीन महिन्यांच्या पथ्यानंतरही नॉन-एचडीएल १६० च्या वर राहिले तर तिन्ही रिपोर्ट आणि खाण्याची वही घेऊन डॉक्टरांकडे जा. नुसत्या शेवटच्या रिपोर्टपेक्षा त्यावरून त्यांना कितीतरी जास्त कळेल.

एलडीएल १९० च्या खाली येतच नसेल, किंवा वडील-भावाला ५५ च्या आत अथवा आई-बहिणीला ६५ च्या आत झटका आला असेल, तर दोष ताटाचा नसून आनुवंशिक असू शकतो. अशा घरात एकट्याची तपासणी करून थांबू नका. भावंडांचीही करा, आणि मुलांची वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत.